गोव्यात मित्रांसोबत संगीताची रात्र : किनारा, छोटी खोली की सभागृह?

डिसेंबर उजाडला की गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला कोल्हापूर, बेळगाव, पुणे किंवा सावंतवाडीहून मित्रांचे फोन येऊ लागतात. बहुतेकांची मागणी सारखीच असते : पाच-सहा जण येत आहोत, एक रात्र सगळ्यांनी मिळून चांगले लाइव्ह संगीत ऐकायचे आहे, मजा करायची आहे, तर नेमके जावे कुठे? मी डिचोलीत राहतो आणि आमचा मित्रांचा गट गेली बारा-तेरा वर्षे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा असा बेत आखत आला आहे. त्या अनुभवाच्या आधाराने हा आढावा लिहीत आहे. तुलना मुख्यतः तीन पर्यायांची आहे : कांदोळीपासून वागातोरपर्यंतच्या किनारपट्टीवर उघड्या जागेत वाजणारा बँड, पणजी, साळगाव, आसगाव अशा ठिकाणी लहान, बंदिस्त जागेत वाजवणारा तीन-चार वादकांचा संच, आणि सभागृहातील कार्यक्रम, ज्यात शास्त्रीय संगीताची मैफल आणि तियात्र हा गाण्यांनी भरलेला कोंकणी नाट्यप्रकार हे दोन्ही येतात.

ठिकाण ठरवण्यापूर्वी गटाने एका प्रश्नाचे उत्तर आपापसांत मोकळेपणाने द्यावे, अशी माझी सूचना आहे. आपल्याला गाणी चालू असताना एकमेकांशी गप्पा मारायच्या आहेत, की शेजारी शेजारी बसून गाणी ऐकायची आहेत? या दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण दोन्ही एकाच ठिकाणी क्वचितच पुऱ्या होतात. आमचे जे बेत फसले, त्यातील बहुतेक याच कारणाने फसले. अर्धा गट खुर्चीच्या टोकाशी सरकून सॅक्सोफोन ऐकत होता आणि उरलेला अर्धा गट मोठ्या आवाजात जुन्या आठवणी काढत होता. रात्रीच्या शेवटी दोघेही नाराज झाले.

दहाचा ठोका

गोव्यातील संगीताच्या रात्रीविषयी बाहेरगावच्या मित्रांचा जो सर्वांत मोठा गैरसमज असतो, तो वेळेबाबतचा. रात्र अकरानंतर रंगात येते असे समजून ते साडेनऊला जेवायला बसतात आणि जेवण आटोपेपर्यंत वादकांनी वाद्ये आवरलेली असतात. याचे कारण कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सभागृह किंवा मेजवानीचे दालन अशा बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहील अशा रीतीने तो वापरता येतो. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्ताने राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागासाठी ठरवलेली आवाजाची पातळी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हणजूण-वागातोर परिसरातील रहिवाशांना रात्रीच्या आवाजाचा वर्षानुवर्षे इतका त्रास झाला की हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यांची तक्रार मला पूर्णपणे न्याय्य वाटते. ज्या गावात आपण एक रात्र मौज करायला जातो, त्या गावातील मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायचे असते.

या नियमाचा निवडीवर थेट परिणाम होतो. उघड्या जागेतील बँड ऐकायचा असेल, तर साडेसहा-सातला तिथे असणे आवश्यक आहे. दहानंतर किनारपट्टीवर जे चालू राहते, ते बहुधा बंद दारांआडचे असते आणि त्यात वादकांपेक्षा डीजेचाच वाटा मोठा असतो. दक्षिणेला पाळोळे येथे तर याच नियमामुळे प्रत्येकाने कानाला हेडफोन लावून नाचण्याचे कार्यक्रम सुरू झाले. तो अनुभव काहींना आवडतो, परंतु या आढाव्याचा विषय समोर बसून वाजवणारे कलाकार हा आहे, म्हणून तो पर्याय येथे विचारात घेतलेला नाही.

किनाऱ्यावरील बँड

किनारपट्टीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्यांदाच गोव्याला आलेल्या मित्रांना समुद्राकाठी वाळूत पाय रोवून गाणी ऐकण्याची जी ओढ असते, तिला दुसरा पर्याय नाही. अनेक शॅकमध्ये, म्हणजे वाळूत हंगामापुरत्या उभारलेल्या खानावळींत, प्रवेशशुल्क नसते, एका ठिकाणचे गाणे पसंत न पडल्यास दोनशे पावलांवर दुसरे ठिकाण असते, आणि गटातील कोणाला मध्येच उठून पाण्याच्या कडेने चालत जावेसे वाटले तर कोणाची अडचण होत नाही. गप्पांसाठी जमलेल्या, संख्येने मोठ्या, वयाने मिश्र अशा गटाला ही जागा चांगली जुळते. गाणी बहुतेकांच्या परिचयाची असतात : जुनी इंग्रजी पॉप व रॉक गीते, मध्येच दोन-तीन हिंदी, आणि वादक स्थानिक असतील तर एखादे कोंकणी. सगळा गट एका सुरात ओरडून गाऊ शकतो, आणि या आनंदाला मी कमी लेखत नाही.

मर्यादा मात्र जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ध्वनीची आहे. उघड्यावर आवाज परतवणाऱ्या भिंती नसतात, त्यामुळे मागच्या टेबलापर्यंत गाणे पोहोचवण्यासाठी ध्वनिवर्धकांचा आवाज वाढवावा लागतो. परिणामी पुढच्या टेबलावर बोलणे अशक्य होते आणि मागच्या टेबलावर केवळ बेसचे ठोके आणि ड्रम यांचेच अस्तित्व जाणवते. गिटारचे बारकावे वाऱ्यावर विरून जातात. टेबल निवडताना ध्वनिवर्धकाच्या थेट समोरचे टाळावे आणि बँडच्या एका बाजूला, वादकांची बोटे दिसतील इतक्या अंतरावर बसावे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. फलकावर ‘लाइव्ह म्युझिक’ असे लिहिलेले असले, तरी समोर खरोखर किती जण वाजवणार आहेत हे त्यावरून कळत नाही. गोव्यात एकट्याने कीबोर्ड घेऊन, त्यात आधीच भरून ठेवलेल्या ताल-साथीवर गाण्याची पद्धत फार रूढ आहे; तिला ‘वन मॅन बँड’ म्हणतात. अशा गायकांत उत्तम गळ्याचे लोक आहेत आणि लग्नसमारंभांत त्यांनी पाहुण्यांना पहाटेपर्यंत नाचवलेले मी पाहिले आहे. तरीही ड्रमवादकाने गायकाकडे पाहून लय किंचित सैल सोडावी, गिटारवादकाने अचानक एक वळण घ्यावे आणि बाकीच्यांनी ते सावरून घ्यावे, हा जो प्रत्यक्ष वादनाचा प्राण आहे, तो भरून ठेवलेल्या साथीत येऊ शकत नाही. एका जानेवारीत आम्ही सात जण फोनवर ‘बँड आहे’ हे आश्वासन घेऊन कळंगुटला गेलो आणि तिथे एकच गृहस्थ कीबोर्डसह बसलेले आढळले. जागेचे दर मात्र पाच वादकांचे होते. तेव्हापासून आम्ही फोनवर एकच प्रश्न विचारतो : आज किती जण वाजवणार आहेत आणि ड्रमवर माणूस आहे का? या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळाले नाही, तर आम्ही दुसरीकडे चौकशी करतो.

तिसरी मर्यादा हंगामाची. पावसाळ्यापूर्वी शॅक काढले जातात आणि पाऊस सरल्यानंतर पुन्हा उभे राहतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात हा पर्याय जवळजवळ मिटतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून तिथे हंगामातही प्रखर दिवे आणि मोठा आवाज यांवर निर्बंध असतात. त्या किनाऱ्यांवर शांततेसाठी जावे, बँडसाठी जाऊ नये.

बंदिस्त क्लबचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. अनेक क्लब केवळ पुरुषांच्या गटाला प्रवेश देत नाहीत किंवा त्यांच्याकडून वेगळे शुल्क घेतात. त्याला ‘स्टॅग एंट्री’ म्हणतात, आणि दारात जाऊन हुज्जत घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. दुसरी गोष्ट गंभीर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील एका नाईट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. ज्या रस्त्याने आम्ही कितीतरी वेळा गेलो, तिथेच हे घडले, आणि त्यानंतर कोणत्याही बंद जागेत शिरताना बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुठे आहे हे पाहिल्याशिवाय मी बसत नाही. तळघर, एकच अरुंद जिना, लाकडी व झावळ्यांची सजावट आणि आत आतषबाजी असे चित्र दिसले, तर पैसे भरलेले असले तरी परत फिरावे.

छोट्या खोलीतील संच

तीस-चाळीस माणसे मावतील अशी जागा, एका कोपऱ्यात ड्रम, डबल बेस किंवा बेस गिटार, कीबोर्ड आणि एखादा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट, आणि पहिल्या टेबलापासून वादक हाताच्या अंतरावर. पणजीत, विशेषतः मळा-फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीत आणि आसपास, तसेच बार्देश तालुक्यातील आतल्या गावांत अशा जागा आहेत. त्या उघडतात, बंद होतात, हात बदलतात. म्हणून नावांची यादी देण्यापेक्षा त्या आठवड्याची चौकशी करणे श्रेयस्कर आहे. आमच्या गटाची सर्वांत जास्त वेळा झालेली निवड हीच आहे.

या खोलीत बसल्यावर आपण काय ऐकत आहोत, हे समजण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जात असे. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या असे वादक तयार झाले, जे कागदावरील स्वर पाहून थेट वाजवू शकत होते. पोट भरण्यासाठी ते मुंबईला गेले. तेथील हॉटेलांतील जॅझचे संच त्यांनी उभे केले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांची बाजू सांभाळली. माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस यांनी व्हायोलिन शिकवले आणि वाद्यमेळ रचला. सॅबॅस्टियन डिसोझा यांनी असंख्य गीतांचा वाद्यमेळ बांधला. हळदोणे येथील चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या ट्रम्पेटवादकाने मुंबईचे जॅझ गाजवले. मराठी घरांत रेडिओवर ऐकलेल्या जुन्या हिंदी गाण्यांतील कितीतरी सुरावटी या गोमंतकीय हातांनी वाजवलेल्या आहेत. नंतर क्रिस पेरी यांनी जॅझचा बाज कोंकणी गाण्यात आणला आणि लॉर्ना यांच्या आवाजाने ती गाणी घराघरांत पोहोचवली. आजही एखादा संच त्या गाण्यांकडे वळला की खोलीतील वेटरपासून मालकापर्यंत सगळे गुणगुणू लागतात. बाहेरच्या मित्राला गोव्याचे स्वतःचे संगीत ऐकवायचे असेल, तर हा क्षण त्याला दाखवावा असे मला मनापासून वाटते.

ऐकण्याची गुणवत्ता येथे सर्वांत चांगली असते. सॅक्सोफोनमध्ये फुंकर शिरतानाचा आवाज, ड्रमवर काठीऐवजी ब्रश फिरतो तेव्हाची सळसळ, वादकांनी एकमेकांना डोळ्यांनी केलेल्या खुणा हे सारे पोहोचते. संच साधारण पाऊण तास वाजवून विश्रांती घेतो. गप्पा, जेवण, बाहेर फेरफटका यांसाठी ती विश्रांती असते. वादन चालू असताना हळू बोलणे आणि एकट्या वादकाचा भाग संपताच टाळी देणे हा तेथील शिष्टाचार आहे, आणि तो आपल्या बैठकीतील दाद देण्याच्या रीतीहून फार वेगळा नाही. फर्माईश करायची असेल तर विश्रांतीत जवळ जाऊन करावी.

अडचणी आहेत. सहाहून अधिक जणांना एकत्र बसता येईल असे टेबल मिळणे कठीण. चार जण ही आदर्श संख्या, सहा ही शेवटची मर्यादा. टेबल आधी राखून ठेवावे लागते, काही ठिकाणी किमान बिलाची अट असते, आणि एकूण खर्च किनाऱ्यापेक्षा जास्त होण्याची शक्यता असते. खोली लहान असल्याने आवाजही कानाच्या जवळ असतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा एक प्रचलित हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आवाज ८ तास सहन करता येतो आणि दर ३ डेसिबल वाढीला तो अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. रॉक वाजवणारा संच छोट्या खोलीत असेल, तर ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. जॅझ किंवा जुन्या गाण्यांच्या संचाबाबत ही भीती कमी आहे. आमच्यातील एका मित्राच्या कानात एका रात्रीनंतर दोन दिवस शिटी वाजत होती. तेव्हापासून फोमच्या कर्णबोळ्यांची डबी आमच्या सामानात असते आणि ती वापरण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

सभागृह : मैफल आणि तियात्र

धमाल रात्रीच्या यादीत सभागृहाचे नाव पाहून काही वाचक थबकतील. पण माझ्या मते याच पर्यायाकडे आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष केले आहे, आणि गोव्याला आलेला मराठी रसिक बागा किनाऱ्यावर दहा वेळा जाऊन तियात्राला एकदाही न जाता परततो, याचे मला खरेच वाईट वाटते.

आधी मैफलीविषयी. पणजीतील कांपाल येथे मांडवीच्या काठावर असलेली कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आहे. तिच्या मुख्य नाट्यगृहाला मंगेशीचे सुपुत्र दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ अकादमी दरवर्षी संगीत समारोह भरवते. केरी या फोंडा तालुक्यातील गावी जन्मलेल्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पाठवलेल्या सुवर्णतबकडीवर अंतराळात गेला. मोगूबाई कुर्डीकर आणि जितेंद्र अभिषेकी हेही याच मातीतील. ज्या गटातील प्रत्येकाला ऐकायचेच आहे, त्याच्यासाठी ही रात्र फार मोलाची ठरते. पण गटातील एकालाही रागसंगीताची गोडी नसेल, तर त्याच्यासाठी तीन तास अवघड जातात आणि त्याच्या चुळबुळीमुळे इतरांचेही लक्ष विचलित होते. नूतनीकरणानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ही वास्तू पुन्हा खुली झाल्यावर तेथील ध्वनी व प्रकाशव्यवस्थेविषयी गोव्यातील कलाकारांनी जाहीर तक्रारी केल्या होत्या, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तिथे अलीकडे कार्यक्रम ऐकलेल्या कोणाला तरी विचारून पाहावे. मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवने आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर येथेही मराठी नाट्यसंगीताचे आणि भजनाचे चांगले कार्यक्रम होतात. उत्तर गोव्यात किंवा तळकोकणात राहणाऱ्यांना साखळी सोयीची पडते.

आता तियात्र. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांच्या पुढाकाराने मुंबईत पहिला तियात्र झाला. मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीय कष्टकऱ्यांनी जोपासलेला हा कोंकणी नाट्यप्रकार आज मडगाव, पणजी आणि गावोगावच्या फेस्तांत, म्हणजे चर्चच्या उत्सवांत, भरगच्च प्रेक्षकांसमोर होतो. त्याची रचना समजली की तो संगीताच्या रात्रीत का मोडतो हे लक्षात येते. नाटकाचे प्रवेश, ज्यांना ‘पडदे’ म्हणतात, ते क्रमाने होतात आणि दोन पडद्यांच्या मध्ये, मागे नेपथ्य बदलत असताना, गायक पडद्यासमोर येऊन स्वतंत्र गाणे सादर करतो. या गाण्याला ‘कांतार’ म्हणतात आणि त्याचा नाटकाच्या कथेशी संबंध असेलच असे नाही. साथीला रंगमंचाच्या पुढे किंवा बाजूला प्रत्यक्ष बसलेला बँड असतो : ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस, ड्रम. कांताराचा विषय कालच्या वर्तमानपत्रातील असू शकतो. जमिनींचे व्यवहार, खाण, कॅसिनो, पक्षांतर, परदेशी गेलेली मुले आणि मागे राहिलेले आईवडील यांवर गायक थेट बोलतो, शेवटच्या ओळीत वार करतो आणि प्रेक्षागृह टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणते. मग ‘वन्स मोअर’चा पुकारा होतो आणि गायक नवे कडवे घेऊन परत येतो. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळाविषयी आजी-आजोबांकडून ऐकलेले वर्णन मी प्रत्यक्ष अनुभवले ते मडगावच्या तियात्रात.

भाषेची भीती बाळगू नये. तियात्राची कोंकणी बहुधा सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती समाजाच्या बोलीतील असते. पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्द भरपूर येतात आणि पहिला अर्धा तास मराठी माणसाचा कान चाचपडतो. मात्र सोबत एक गोमंतकीय मित्र असेल आणि त्याने कानात चार शब्द सांगितले, तर दुसऱ्या पडद्यापासून विनोद समजू लागतात. आम्ही कोल्हापूरच्या तिघा मित्रांना पहिल्यांदा नेले, तेव्हा त्यांचा चेहरा साशंक होता. तिसऱ्या कांताराला तेच सर्वांत मोठ्याने ‘वन्स मोअर’ म्हणत होते. तिकिटाचा खर्च किनाऱ्यावरील एका जेवणापेक्षा कमी असतो, आईवडील किंवा मुले सोबत असली तरी चालते, आणि कार्यक्रम संध्याकाळीच सुरू होत असल्याने दहाच्या ठोक्याची चिंता उरत नाही. तक्रार एकच आहे : काही सभागृहांत ध्वनिवर्धक गरजेपेक्षा मोठे लावलेले असतात आणि मग ट्रम्पेट शब्दांवर चढतो. अशा वेळी मधल्या रांगा अधिक सुखाच्या.

काही तात्पुरते पर्याय

मांडवीवरील जलसफरी सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी सुटतात. तासाभराच्या फेरीत बोटीवर गाणी आणि देखणी, फुगडी यांसारखी नृत्ये होतात. पहिल्यांदा आलेल्यांना त्या आवडतात, परंतु त्यावर पूर्ण रात्रीचा बेत उभा राहत नाही. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. २०१६ पासून भरणाऱ्या या महोत्सवातील बहुतेक संगीत कार्यक्रम नावनोंदणी करून विनामूल्य ऐकता येतात, आणि त्या आठवड्यात कोणी येणार असेल तर मी दुसरा कोणताही पर्याय सुचवत नाही. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, प्रांगणात होणारा मोंती संगीत महोत्सव, दिवाडी बेटावर उतरणारा सूर्य आणि समोर व्हायोलिन किंवा सतार, हा अनुभव तारखा जुळल्यास चुकवू नये. सनबर्नसारख्या नृत्यसंगीत महोत्सवांचा विचार करणाऱ्यांनी स्थळ आणि तारखा तपासूनच सुट्टी काढावी : तो २००७ मध्ये कांदोळीत सुरू झाला, २०१६ मध्ये पुण्याला गेला, पुन्हा गोव्यात आला आणि २०२४ मध्ये धारगळ येथे झाला. शिवाय तिथे वादकांपेक्षा डीजेंचा भरणा अधिक असतो.

परतीचा रस्ता

पर्याय कोणताही असो, परतीची व्यवस्था आधी ठरवावी. गोव्यात रात्री नऊनंतर स्थानिक बस मिळेल असे गृहीत धरून चालत नाही. ओला, उबर येथे नाहीत. गोवामाईल्स हे अॅप आहे, पण हंगामात आतल्या गावांत रात्री गाडी मिळायला वेळ लागतो. पायलट, म्हणजे प्रवासी नेणारा मोटरसायकलवाला, दिवसा सहज सापडतो, रात्री नाही. पणजीहून कळंगुट सुमारे १५ किलोमीटर आणि मडगाव सुमारे ३५ किलोमीटर आहे, म्हणून मुक्काम उत्तर किनाऱ्यावर असताना मडगावचा तियात्र निवडायचा असेल, तर गाडी दिवसभरासाठी ठरवणेच योग्य. मद्यपान करून वाहन चालवण्याचा विचारही करू नये. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम ही कायदेशीर मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायद्यापेक्षा मोठे कारण म्हणजे येथील अरुंद, वळणावळणाचे, अंधारे रस्ते. आमच्या गटात दर वेळी एक जण पाळीने सोडा-लिंबू पिऊन गाडी चालवतो आणि त्याच्या जेवणाचे पैसे बाकीचे देतात. ही रीत इतकी वर्षे मोडलेली नाही.

खाण्याचा प्रश्नही याच निर्णयात येतो. किनाऱ्यावर आणि छोट्या खोलीत जेवण तिथेच होते. सभागृहातून बाहेर पडल्यावर मात्र पणजीत किंवा मडगावात गाड्यावर उभे राहून रॉस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेले ऑम्लेट, आणि पाव खाता येतो, आणि कांतारांची उजळणी करत खाल्लेले ते ऑम्लेट आमच्या गटातील अनेकांना त्या रात्रीचा उत्तम भाग वाटते.

मग निवड कशी करावी

आठ-दहा जण असतील, निम्म्यांची एकमेकांशी नव्याने ओळख होत असेल आणि हंगाम चालू असेल, तर किनारा निवडावा. सातला पोहोचावे, वादकांची संख्या आधी विचारावी आणि दहाला उठावे. चार ते सहा जुने मित्र असतील, सगळ्यांना ऐकायची आवड असेल आणि खर्चाची फारशी अडचण नसेल, तर पणजीतील किंवा बार्देशातील छोटी खोली हा माझा पहिला कौल आहे. पावसाळ्यातही तो भरवशाचा पर्याय ठरतो. गटात एकजण जरी गोमंतकीय असेल, किंवा किनारा पूर्वी पाहून झाला असेल, किंवा खिशाला मर्यादा असेल, तर तियात्राची तिकिटे काढावीत. दोन रात्री हाताशी असल्यास एक तियात्राला आणि एक छोट्या खोलीला द्यावी, आणि किनाऱ्यावर सकाळी जावे, जेव्हा तिथे रापणीवाले जाळी ओढत असतात. मैफल ज्यांना हवी आहे, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसते. ते तारखा पाहूनच गोव्याला येतात.

चौकशीसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे येथील मराठी व कोंकणी वर्तमानपत्रांतील त्या दिवसाच्या कार्यक्रमांचे रकाने, रवींद्र भवनांचे सूचनाफलक आणि थेट त्या जागेला केलेला फोन. तो फोन दुपारी चारच्या सुमारास करावा. त्या वेळी वादक साउंड चेकसाठी येऊ लागलेले असतात, आणि मागून ड्रमचा आवाज कानावर आला की पुढचा प्रश्न विचारण्याची गरज राहत नाही.